आकृतिबंधाला सल्लागार नेमला की तो नेमकं काय करतो?

कुपवाडचा_एचआर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांची मनुष्यबळाची कामं करतो. भरती, हजेरी, पीएफ-ईएसआय, पगारपत्रक, अधूनमधून एखाद्या फौंड्रीत कुठल्या पाळीला किती माणसं लागतात याचा अभ्यास. सरकारी कामाचा अनुभव शून्य.

आता पुण्याच्या एका मोठ्या सल्लागार कंपनीनं बोलावलंय. आपल्याच भागातल्या एका नगरपालिकेचा (नाव घेत नाही) सुधारित आकृतिबंध (कुठल्या विभागात कुठली आणि किती पदं मंजूर, याचा आराखडा) करायचं काम त्यांना मिळालंय. जागेवर बसून माहिती मी गोळा करायची, अहवाल त्यांनी लिहायचा. कार्यादेशात मंजूर पदांचा आढावा, कामाचा भार मोजणे, दहा वर्षांचा मनुष्यबळ आराखडा, कुठली कामं बाह्यस्रोतातून द्यायची, प्रशिक्षण, असं सगळं एका दमात लिहिलंय. मुदत तीन महिने.

पहिल्या दिवशी मी ऑर्गनायझेशन चार्ट मागितला. आस्थापनेतल्या बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि "आधी बिंदुनामावली बघून घ्या" म्हणत एक जाडजूड रजिस्टर पुढं सरकवलं. त्यातलं निम्मं कळलं नाही. इथं सरकारी नोकरीतले, निवृत्त झालेले बरेच जण आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि असं काम खरंच कुणाच्या उपयोगी पडतं का, ते मोकळेपणानं सांगा.

वारणाकाठ

काय करणार? पालिकेचीच माहिती पालिकेला रंगीत करून देणार. गोल चकत्या, बाण, शेवटी "क्षमता बांधणी". बिल पास. पुढचा धागा.

आस्थापना_टेबल

वारणाकाठ, तुमचा राग समजतो, मी असले अहवाल कपाटात लावलेत. पण माणूस शिकायला आलाय तर सांगूया.

कुपवाडकर, मी साताऱ्याचा. नोकरी सगळी आस्थापना टेबलावर गेली. बाईंनी रजिस्टर पुढं केलं ते तुमच्या भल्यासाठी. कंपनीत मालक "घ्या अजून दोन माणसं" म्हणाला की जागा तयार. इथं पद म्हणजे आधी पैशाची मंजुरी, माणूस नंतर. पालिकेनं ठराव करायचा, प्रस्ताव नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे, तिथून नगरविकास विभाग, मग वित्त विभाग आणि उच्चस्तरीय सचिव समिती. यातल्या एकाही टेबलावर तुमच्या पीपीटीला किंमत नाही. तिथं विचारतात ते एवढंच: पदनाम काय, वेतनस्तर कुठला, सेवाप्रवेश नियमात ते पद आहे का, भरायचं कसं (सरळसेवा की पदोन्नती), आणि वर्षाचा बोजा किती. एका अहवालात "मुख्य परिवर्तन अधिकारी" असं पद सुचवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. वेतनस्तराचा रकाना कोरा. ती फाइल खालीच बसली.

दुसरं, पालिकेतली सगळी पदं पालिकेची नसतात. लेखा, करनिर्धारण, स्थापत्य, पाणीपुरवठा वगैरे राज्यस्तरीय संवर्गातली (संवर्ग म्हणजे एका प्रकारच्या पदांचा गट) माणसं संचालनालय पाठवतं आणि बदलीनं नेतं. लिपिक, शिपाई, मुकादम, सफाई कामगार ही स्थानिक आस्थापना. दोन्ही एका तक्त्यात घातलीत तर पहिल्या पानावर परत.

आता बिंदुनामावली, म्हणजे संवर्गातलं कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याचं रजिस्टर. सभरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं की आरक्षण पदांवर मोजायचं, दरवर्षीच्या रिक्त जागांवर नाही. त्यानुसार आपल्याकडे 1997 पासून पदांची बिंदुनामावली चालते. त्यामुळे एखाद्या संवर्गातली मंजूर पदं तुम्ही कमी-जास्त केलीत की कुठला बिंदू कुणाचा हे परत मांडावं लागतं आणि पुण्याला विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणावं लागतं. त्यात 2024 ला एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं) 10 टक्के आरक्षण आलं, म्हणजे रजिस्टरं पुन्हा उघडली. तुमच्या अहवालात "लिपिक 42 ऐवजी 38" ही एक ओळ असते, टेबलावरच्या बाईंचे त्यात दोन महिने जातात. त्यांच्याशी गोड राहा.

एवढी घाई का, तर राज्य सरकारच्या 2025 मधल्या 150 दिवसांच्या कार्यक्रमात आकृतिबंध, सेवाप्रवेश नियम, बिंदुनामावली, अनुकंपा हे विषय होते. वरून विचारणा सुरू झाली की खाली सल्लागार नेमले जातात.

कुपवाडचा_एचआर

काका, हे एवढं कुणी चार ओळींत सांगितलं नव्हतं. सेवापुस्तकं बघायला परवानगी मिळाली आहे. त्यातून काय उचलू?

आस्थापना_टेबल

जन्मतारीख. बाकी सगळं नंतर.

राज्यात निवृत्ती 58 ला, गट ड ला 60. दहा वर्षांचा आराखडा म्हणजे कोण कुठल्या महिन्यात जाणार याची यादी, ती एका बैठकीत निघते. काढलीत की मे महिन्याचा रकाना बघा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून लावली आहे. आणि पहिल्या तारखेला जन्मलेला आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून 31 मे ला प्रत्येक कार्यालयात नारळ-शालींची रांग लागते.

आयर्विनखाली

काका, मी हाच मुद्दा लिहायला आलो होतो. सांगलीत त्याला वेगळी धार आहे. 1 जूनपासून पूरनियंत्रण कक्ष सुरू होतात. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं. अशा वेळी कुठल्या गल्लीत पाणी आधी नाल्यातून उलटं येतं आणि कुठला पंप कुठं हलवायचा हे ज्यांना तोंडपाठ, ते नेमके 31 मे ला घरी बसतात. आराखड्यात "रिक्त पदे: 6" एवढंच दिसतं.

मी पाणीपुरवठ्यात होतो. आमचा एक व्हॉल्व्हमन होता. टी आकाराची लांब चावी सायकलला आडवी बांधून पहाटे निघायचा. कुठल्या चौकात व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेलाय, कुठल्याचे आटे उलटे आहेत, कुठला सव्वातीन आटे फिरवला की वरच्या गल्लीला पाणी चढतं आणि चौथा दिला की खालची लाइन फुटते, हे सगळं त्याच्या डोक्यात. नकाशावर यातलं निम्मं नव्हतं. तो निवृत्त झाल्यावर पावसाळाभर आम्ही रस्ते खोदत होतो. त्याच्या जागी माणूस मिळाला, तोही एजन्सीचा, दर अकरा महिन्यांनी बदलणारा.

कुपवाडकर, कामाचा भार मोजताना तुमच्या एक्सेलमध्ये ह्याला रकाना आहे का?

कुपवाडचा_एचआर

नाही. करतो. पण निवृत्तीआधी सहा महिने दुसरा माणूस त्याच्या हाताखाली का देत नाहीत? कारखान्यात आम्ही देतो.

आस्थापना_टेबल

पद एक, पगार एक. पद रिकामं झाल्याशिवाय त्यावर दुसरा बसत नाही. पण वाट आहे. पदोन्नतीच्या निवडसूचीत त्या वर्षात रिकामी होणारी पदं धरतातच, म्हणजे खालचा कोण वर येणार हे आधी माहीत असतं. त्याला सहा महिने आधी त्याच विभागात कार्यालयीन आदेशानं द्यायचं. याला कुणाची मंजुरी लागत नाही, मुख्याधिकाऱ्याची सही पुरते. असल्या शिफारशी द्या. सल्लागार नवी पदं मागत बसतात, आहे त्या माणसाला हलवायचं कुणी सुचवत नाही.

मिरजेचा_मुकादम

मी बी बोलतो. ते "बाह्यस्रोत" लिवलंय न्हवं कार्यादेशात, तिथंच सगळी मेख हाय. सल्लागार येतो, मुकादमाला इचारतो किती झाडूवाले, किती घंटागाड्या, आणि जाताना लिहून जातो की सफाईची पदं जशी रिकामी होतील तशी व्यपगत करा, म्हंजी रद्द. आवं, सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीवर नोकरी लागती. पदच ऱ्हायलं न्हाई तर पोरानं भांडायचं कुणाशी? मग कोर्टकचेरी.

आन् स्वस्त पडतं म्हंत्यात. कायमचा माणूस आस्थापना खर्चात दिसतो. महापालिकेला तो खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवायचाय. एजन्सीचं बिल दुसऱ्या लेखाशीर्षातनं (खर्चाच्या खात्यातनं) जातं, म्हणून कागदावर खर्च कमी. खिशातनं पैसा तेवढाच जातो की ओ, वर एजन्सीचं कमिशन. झाडणाऱ्याच्या हातात किती पडतं ते इचारा एकदा, पीएफ भरलाय का ते बी बघा. तुमचंच काम हाय न्हवं ते?

कुपवाडचा_एचआर

मुकादम, पीएफच्या चलनांचं मी नक्की बघतो, ते माझ्या हातातलं आहे. आणि दोन्ही लेखाशीर्षांची बेरीज एकाच तक्त्यात दाखवतो.

विट्याचा_अभ्यासू

अवांतर वाटेल, पण लिहितो. तुम्ही लोक मंजूर पदांवर चर्चा करताय, आम्ही त्याच पदांची वाट बघत सदाशिव पेठेत कॉट भाड्यानं घेऊन बसलो होतो. जिल्हा परिषदेची जाहिरात मार्च 2019 ला आली. फी भरली. परीक्षा नाहीच, शेवटी ती भरती रद्द. पुन्हा जाहिरात ऑगस्ट 2023 ला, राज्यभरात 19,460 पदं. मधल्या काळात किती जणांचं वय निघून गेलं. तलाठ्याच्या 4,644 जागांना दहा लाखांवर अर्ज आले त्याच वर्षी. दरम्यान सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षांचं महापरीक्षा पोर्टलही 2020 ला बंद झालं.

माझा साधा प्रश्न. कोण कधी निवृत्त होणार हे जन्मतारखेवरून माहीत असतं, हे काकांनीच सांगितलं. मग दरवर्षी ठरल्या महिन्यात तेवढ्याच जागा का निघत नाहीत? पाच वर्षं काही नाही आणि मग एकदम पूर, असं का?

आस्थापना_टेबल

बाळा, उत्तर कडू आहे. रिक्त पद म्हणजे वाचलेला पगार. भरतीवर बंदी घालायला एक परिपत्रक लागतं, उठवायला आकृतिबंध मंजूर असावा लागतो. "सुधारित आकृतिबंध अंतिम झाल्याशिवाय भरती नाही" ही अट आली की आकृतिबंध वर्षानुवर्षं अंतिम होत नाही. आणि एकदम भरलेली माणसं तीस वर्षांनी एकदमच निवृत्त होतात, म्हणजे पुढच्या खड्ड्याची सोय आजच होते. सल्लागारानं खरं तर हा खड्डा आलेखावर दाखवायला हवा. कार्यादेशात "दहा वर्षं" आहे ना? तीस दाखवा म्हणावं.

माणगंगा

मी आरोग्य विभागात आहे, आधी माण तालुक्यात, आता आटपाडीकडे. कामाचा भार मोजण्याबद्दल लिहिते. आमच्याकडे पदं लोकसंख्येवर ठरतात. उपकेंद्र सपाट भागात 5,000 लोकांना, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 ला. प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 आणि 20,000. हे मोजायला सोपं, पण माणमधल्या वाड्या-वस्त्या विखुरलेल्या. कागदावर सपाट, सिस्टरची गाडी मात्र दिवसभर पळतेय. ऊसतोडीला माणसं गेली की लसीकरणाची यादी अर्धी रिकामी, आणि ती माणसं कराड-वाळव्याच्या फडात जातात, तिथल्या सिस्टरवर बोजा वाढतो. तिचं पद काही वाढत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची विस्न नावाची पद्धत आहे. पहिली पुस्तिका 1998 ची, सुधारलेली 2010 ची. लोकसंख्या बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम आणि त्याला लागणारा वेळ यावरून माणसं काढतात. आरोग्यासाठी केलेली आहे, पण दाखल्याच्या खिडकीलाही चालेल असं वाटतं.

कुपवाडचा_एचआर

माणगंगाताई, शतशः धन्यवाद. रात्रभर तेच वाचलं. जन्म-मृत्यू दाखल्याच्या खिडकीवर करून बघतो, आकडे समजा म्हणून घेतलेत.

वर्षाचे 365 दिवस. पाच दिवसांचा आठवडा धरला तर 104 गेले, उरले 261. आठवड्याच्या मधे पडणाऱ्या सार्वजनिक सुट्ट्या 20, नैमित्तिक रजा 8, अर्जित रजा 30 मिळते पण 15 घेतली धरू, प्रशिक्षण आणि इतर 10. उरले 208 दिवस. दिवसाचे आठ तास, पण प्रत्यक्ष हातात साडेसहा. म्हणजे एका माणसाचे वर्षाला 1,352 तास.

दाखले समजा वर्षाला 12,000, एकाला 12 मिनिटं. झाले 2,400 तास. भागिले 1,352, म्हणजे 1.78 माणूस. पण त्याच माणसाला माहिती अधिकाराची उत्तरं, मासिक अहवाल, बैठका यात 20 टक्के वेळ जातो. म्हणून 1.78 भागिले 0.8, उत्तर 2.2. आज तिथं तिघं असतील तर गुणोत्तर (आहेत भागिले हवेत) 1.36, एकच असेल तर 0.45. एकाच्या खाली जितकं जास्त, तितका ताण जास्त.

एका विभागाचा माणूस सुटा असताना दुसऱ्या विभागात ओढाताण चालली आहे, हे अशा तक्त्यात लगेच दिसेल. चुकतोय का कुठं?

आस्थापना_टेबल

गणित बरोबर, 12 मिनिटं आली कुठून? रजिस्टरवरून काढली असतील तर खोटी. खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसा. साधा दाखला पाच मिनिटांत निघतो. मग एखादी बाई येते, सासूचा मृत्यूदाखला दुरुस्त करायचाय, आधारवर शांता, सातबाऱ्यावर शांताबाई, दाखल्यावर आडनावच चुकलंय, रुग्णालयाचा कागद पुरात गेला. तिला तीन हेलपाटे आणि तुमच्या लिपिकाचा मिळून तासभर. सरासरीत ती बाई दिसत नाही. साधे दाखले वेगळे, दुरुस्त्या वेगळ्या मोजा.

आणखी एक. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू आहे. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा. ती पोरं शाळेच्या वयाला येतील तेव्हा या खिडकीवरची गर्दी आजच्यासारखी राहणार नाही. गेल्या वर्षीचा आकडा दहा वर्षं ओढू नका.

आणि ते "इतर 10 दिवस". निवडणूक कुठं धरलीत? मतदारयादी, मतमोजणी, पंचनामे, आणि आता जनगणना. शिक्षकांच्या बाबतीत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच कामं देता येतात असं तरी लिहिलंय. पालिकेच्या लिपिकाला तेवढंही कुंपण नाही.

यवतेश्वर_घाट

लोकसंख्येचा विषय निघालाच आहे म्हणून. नगरपालिकेचा वर्ग जनगणनेवर ठरतो, एक लाखाच्या वर अ, चाळीस हजारांच्या वर ब, खाली क. महाबळेश्वर-पाचगणीला राहणारी माणसं किती आणि मे महिन्यात कचरा करणारी किती! कचरा, पाणी, पार्किंग सगळं पाहुण्यांच्या हिशेबानं, कर्मचारी मात्र रहिवाशांच्या. आपल्या साखर कारखान्यांत कायम आणि हंगामी अशी वर्गवारी आहे, हंगामी कामगाराला बिगरहंगामात रिटेन्शन (काम नसतानाचा भत्ता) मिळतं, पुढच्या गळीताला तोच माणूस परत येतो. पालिकांसाठी असा हंगामी संवर्ग का नसावा? कंत्राटापेक्षा बरं नाही का? मुकादम काय म्हणतात?

मिरजेचा_मुकादम

रिटेन्शन येळेवर देणार असतील तर बोलू. कारखान्यातल्या थकलेल्या पगाराच्या कहाण्या आमाला बी ठावं हाईत.

कराडचा_मास्तर

धागा वाचतोय, छान चाललाय. मी लोकप्रशासन शिकवतो. माणसं मोजायला बाहेरचा सल्लागारच लागतो असं नाही. केंद्राच्या वित्त मंत्रालयात 1964 पासून कर्मचारी तपासणी एकक आहे, तिथले अधिकारी कार्यालयात जाऊन कामाचं मोजमाप करून पदं सुचवत आले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं, वीरप्पा मोईली अध्यक्ष असताना, 2008 मध्ये कर्मचारी प्रशासनावर अख्खा दहावा अहवाल दिला. 2020 ला मिशन कर्मयोगी आलं, त्याचा भर प्रत्येक पदाला कुठली कौशल्यं लागतात यावर. उणीव आहे ती जिल्हा पातळीवर असं मोजणारा एकही माणूस नसण्याची. पुण्यात यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, त्यांनी प्रत्येक जिल्ह्यातल्या आस्थापना लिपिकांना हे गणित शिकवलं तर बाहेरून माणूस आणायची वेळ निम्म्यानं कमी होईल.

वारणाकाठ

मास्तर, म्हणजे कुपवाडकरांचा धंदा बसला म्हणायचं. :)

बाकी धागा भलताच निघाला. मी पहिल्या प्रतिसादात टोमणा मारला होता, तो टोमणा कायम ठेवून विचारतो: तीन महिन्यांत हे सगळं होणार कसं? खिडकीवर बसा, व्हॉल्व्हमनबरोबर फिरा, पीएफची चलनं तपासा...

कुपवाडचा_एचआर

होणार नाही. म्हणून काल पुण्याच्या कंपनीशी बसून बोललो. सगळे विभाग वरवर करण्यापेक्षा पाणीपुरवठा, आरोग्य-सफाई आणि जन्म-मृत्यू हे तीनच खोलात मोजायचे, बाकीच्यांची फक्त निवृत्तीची यादी आणि रिक्त पदं, असं मी म्हटलं. ते म्हणाले कार्यादेशात सगळे विभाग आहेत, देयकाचा शेवटचा हप्ता त्यावर अडेल. मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्यायचं ठरलंय, त्यांनी कार्यकक्षा बदलून दिली तर.

मोजणीचं एक्सेल पालिकेच्या संगणकावरच ठेवायचं आणि आस्थापनेतल्या दोघांना ते भरायला शिकवूनच निघायचं, हे मात्र कंपनीनं मान्य केलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मराठीत करा, युनिकोडमध्ये. मागच्यांनी दिलेलं आमच्याकडे उघडतच नाही."

आस्थापना_टेबल

पत्राला मुख्याधिकाऱ्यांची पोच घ्या, तोंडी "बघतो"वर थांबू नका. आणि पदांच्या तक्त्यात शेवटी एक रकाना ठेवा, "शासन निर्णय क्रमांक व दिनांक". प्रत्येक मंजूर पद कुठल्या आदेशानं निर्माण झालं ते त्यात. जुन्या पदांचे आदेश सापडणार नाहीत, शोधायला घेतलेत तर तळघरातल्या कपाटापासून सुरू करा. तोंडाला रुमाल बांधून.

माणगंगा

त्या एक्सेलचा कोरा नमुना इथं टाकाल का? आमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवते.

कुपवाडचा_एचआर

टाकतो ताई. आकडे काढून, पालिकेचं नाव काढून, रविवारपर्यंत. निवडणुकीच्या दिवसांचा रकाना काकांच्या सांगण्यावरून वेगळा केलाय. ऊसतोडीच्या महिन्यांसाठी काय करायचं ते तुम्ही सुचवा, तिथं माझं डोकं चालत नाहीये.